'तर किती?' : वेग, अंतर आणि इंधनाच्या शाब्दिक उदाहरणांची मराठी परंपरा

मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपण महानुभावांचे गद्य, बखर, शाळाखात्याची क्रमिक पुस्तके, निबंध, कादंबरी असे टप्पे घेतो. या मांडणीत एक गद्यप्रकार मात्र कधीच येत नाही. शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येक मराठी माणसाने तो वाचलेला असतो, त्याच्यापुढे बसून तो घामाघूम झालेला असतो, आणि पुढच्या आयुष्यात तो रोज वापरतही असतो. हा प्रकार म्हणजे गणितातील शाब्दिक उदाहरण. एक गाडी ताशी अमुक वेगाने निघते, दुसरी समोरून येते, त्या कोठे भेटतील? एका लिटरमध्ये इतके अंतर जाणाऱ्या वाहनाला तितक्या अंतरासाठी किती इंधन लागेल? दोन-तीन वाक्यांच्या या मजकुरात पात्रे असतात, प्रवास असतो, अडचण असते, आणि शेवटी वाचकाला थेट विचारलेला प्रश्न असतो. साहित्याच्या अभ्यासकांनी याकडे पाहिले नाही, कारण ते गणित होते. गणिताच्या अभ्यासकांनी भाषा म्हणून पाहिले नाही, कारण त्यांना उत्तर हवे होते. या दोन दुर्लक्षांच्या मधल्या जागेत प्रस्तुत लेख उभा आहे.

हा विचार करताना आमच्या डोळ्यांसमोर एक निश्चित भूगोल आहे. नाशिकच्या पूर्वेस, निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी सायखेडा हे बाजाराचे गाव आहे. कांदा, द्राक्षे आणि ऊस यांचा हा मुलूख. येथील माल ट्रॅक्टर-ट्रॉलीतून, पिकअपमधून आणि मालमोटारींतून सतत कोठेतरी चाललेला असतो. उत्तरेकडून मुंबई-मनमाड लोहमार्ग जातो. खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव ही त्यावरची स्थानके. वेग, अंतर आणि इंधन हे येथे पाठ्यपुस्तकातले प्रकरण नसून रोजच्या भाकरीचा हिशेब आहे. म्हणूनच या हिशेबाची भाषा कोठून आली आणि आता कोठे चालली आहे, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

आरंभ करावा लागतो तो भास्कराचार्यांपासून. शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी 'लीलावती' हा ग्रंथ इ.स. ११५० च्या सुमारास सिद्ध केला. लीलावती ही त्यांची कन्या होती की काय, हा आख्यायिकेचा प्रांत झाला. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतराने त्या आख्यायिकेला दूरवर पोचवले. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ग्रंथातील उदाहरणे कोणाला तरी उद्देशून म्हटलेली आहेत. कधी मुलीला, कधी मित्राला, कधी गणकाला, कधी व्यापाऱ्याला हाक मारून प्रश्न विचारला जातो. नियम सूत्ररूपात सांगितला जातो. उदाहरण मात्र संवाद असते.

त्यातील दोन उदाहरणे आपल्या विषयाची थेट पूर्वज आहेत. पहिल्यात एक राजा शत्रूचे हत्ती पकडण्यासाठी निघतो. पहिल्या दिवशी तो दोन योजने चालतो, पुढे रोज सारख्या प्रमाणात चाल वाढवतो, आणि सात दिवसांत ऐंशी योजनांवरील नगर गाठतो. रोजची वाढ किती? उत्तर २२/७ योजने. (ही संख्या पाहून परिघ-व्यास गुणोत्तराची आठवण होणाऱ्यांनी तो केवळ योगायोग समजावा.) दुसरे उदाहरण गाडीभाड्याचे आहे. १२ अंगुळे जाड, १६ अंगुळे रुंद आणि १४ हात लांब अशा ३० फळ्या एक गव्यूती अंतरावर नेण्यास ८ द्रम्म भाडे पडते. तर ज्यांचे प्रत्येक माप चाराने कमी आहे अशा १४ फळ्या ६ गव्यूती नेण्यास किती पडेल? गुणाकार करून पाहिल्यास लक्षात येते की दुसरा माल पहिल्याच्या बरोबर सहावा हिस्सा आहे आणि अंतर सहापट आहे. उत्तर पुन्हा ८ द्रम्म. माल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे वाहतुकीचा खरा भार, ही कल्पना येथे किती सहज येऊन गेली आहे! आज मालवाहतुकीत टन-किलोमीटर हे एकक वापरले जाते. त्यामागचा विचार हाच आहे.

या गणिताची परिभाषाही भाषेच्या अभ्यासकाला थांबवणारी आहे. त्रैराशिकातील तीन राशींची नावे प्रमाण, फल आणि इच्छा. चार किलोमीटरला एक लिटर लागते. येथे चार किलोमीटर हे प्रमाण आणि एक लिटर हे फल. मला चोवीस किलोमीटर जायचे आहे, ही इच्छा. फलाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे, म्हणजे सहा लिटर हे इच्छाफल मिळते. अज्ञात गोष्टीकडे नेणाऱ्या राशीला 'इच्छा' म्हणणारी परिभाषा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला गणितातून बाहेर काढत नाही. वेग वाढला की वेळ कमी होतो, अशा उलट नात्यासाठी व्यस्त त्रैराशिक हे वेगळे नाव आहे.

आता हे सारे संस्कृतात आहे, मराठीचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच परिसरात, चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. शके ११२८ च्या या लेखात भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण मठाला काय द्यायचे हा तपशील येताच लेख मराठीत उतरतो. विकल्या जाणाऱ्या मालामागे काय द्यावे आणि जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल कसे द्यावे, हे तेथे मराठीत कोरलेले आहे. गणिताच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाचा योगक्षेम चालावा म्हणून लिहिलेले हे दराचे वाक्य! प्रशस्ती संस्कृतात आणि हिशेब मराठीत, ही विभागणी आठशे वर्षांपूर्वीची आहे. हिशेब ज्याला द्यायचा आणि ज्याच्याकडून घ्यायचा, त्या दोघांनाही तो कळला पाहिजे, एवढे भान त्या लेखात होते. हे भान पुढे कामी येणार आहे, म्हणून वाचकांनी ते लक्षात ठेवावे.

प्रवासाची उदाहरणे ही एका भास्कराचार्यांची मिरासदारी नव्हती. १८८१ साली पेशावरजवळ सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात वेगवेगळ्या गतीने चालणारे प्रवासी एकमेकांना कधी गाठतील, अशी उदाहरणे आहेत. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातील महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रह' या नवव्या शतकातील ग्रंथात पुढे जाणे आणि मागे सरणे यांची स्वतंत्र उदाहरणे आहेत. युरोपात आठव्या शतकातील अल्क्विनच्या नावे असलेल्या कोड्यांत एक उंट भेटतो. धान्याची ९० मापे ३० कोसांसारख्या अंतरांवर न्यायची आहेत. उंट एका वेळी ३० मापे उचलतो आणि भरल्या पाठीने प्रत्येक अंतराला एक माप खातो. थेट गेला तर पोचेपर्यंत एक दाणाही उरत नाही. मध्ये वीस अंतरांवर साठा केला, तीन खेपांत तेथे ३० मापे जमवली आणि मग उरलेली दहा अंतरे पार केली, तर २० मापे पोचतात. आमच्या मते इंधनाच्या गणिताचा गाभा याच कोड्यात आहे. वाहन जे वाहून नेते त्यातलेच काही खाते. इंधन हे अंतराचे मोल आहे, हे माणसाला पेट्रोल सापडण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

मराठी मुलखात प्रत्यक्ष शिकवण्याची रीत मात्र पंतोजींच्या शाळेतली होती. धुळाक्षरे, उजळणी, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. अपूर्णांकांचे हे पाढे तोंडपाठ असलेला माणूस बाजारात कोणाला हार जात नसे. वेगाची मापे तेव्हा देहाची होती. अंतर कोसात, वेळ घटकेत आणि प्रहरात, आणि एका दिवसाची चाल म्हणजे मजल. साठ घटकांचा दिवस, म्हणजे आजच्या एका तासाच्या अडीच घटका. 'मजल दरमजल' या शब्दप्रयोगात जो 'दर' आहे तोच आपल्या भावाच्या दरात आहे आणि तोच 'दरताशी' मध्ये आहे. मात्र सैन्याची मजल वेगळी, कासिदाची वेगळी, लादलेल्या बैलाची वेगळी. पावसाळ्यात कोस लांबतो, हे सर्वांनाच मान्य होते. घड्याळाच्या काट्याला बांधलेला एकसारखा वेग या जगात नव्हता, म्हणून त्यावरचे उदाहरणही नव्हते.

तो वेग दोन वाटांनी आला. पहिली वाट छापखान्याची. १८२२ साली मुंबईत सुरू झालेल्या हैंदशाळा पुस्तक मंडळीच्या कामात कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदींच्या साहाय्याने गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली. पुढच्या पिढ्यांत बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीत कलनगणितापर्यंत मजल मारली, आणि केरूनाना छत्रे यांच्या अंकगणिताने शाळांना हाताशी धरले. मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुजवली, हे आपण व्याकरणाच्या तासाला सांगतो. पण प्रश्नचिन्हाची खरी गरज किती वेगळ्या जागी होती, हे सांगत नाही. श्लोकातला प्रश्न छंदाने आणि संबोधनाने ओळखू येई. छापील गद्यात तो ओळखू यायला 'किती' या शब्दाबरोबर शेवटी एक खूण लागली. शाब्दिक उदाहरणाला त्याचे आजचे रूप या खुणेने दिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरी वाट लोखंडाची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची पहिली आगगाडी धावली. १८६५ साली थळ घाटाचा मार्ग खुला झाला आणि नाशिक जिल्हा मुंबईशी जोडला गेला. 'आगगाडी' हा शब्दच पाहा: गाडी कशाने चालते, हे तिच्या नावातच सांगितले आहे. तिच्याबरोबर वेळापत्रक आले आणि मिनिटाला किंमत आली. गावोगावचा सूर्य वेगवेगळ्या वेळी माथ्यावर येई; रेल्वेने मद्रासची वेळ धरली, आणि १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. दोन ठिकाणांहून एकाच वेळी सुटलेल्या दोन गाड्या, हे वाक्य अर्थपूर्ण होण्यासाठी आधी 'एकच वेळ' अस्तित्वात यावी लागते. ती आल्यावर उदाहरणातली आगगाडी वर्गात आली आणि तेथेच राहिली. गंमत अशी, की थळ घाटात ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे आणि तेथे गाडीला मागून जास्तीची इंजिने लावावी लागतात. पाठ्यपुस्तकातली आगगाडी मात्र कधी घाट चढत नाही.

याच लोहमार्गावरच्या देवळालीत १९३० ते १९६२ या काळात द. रा. कापरेकर शाळेत गणित शिकवीत होते. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे त्यांचे नाव जगभर गेले. त्यांनी काही संख्यांना 'डेम्लो' असे नाव दिले, ते आजच्या डोंबिवलीच्या तत्कालीन स्थानकनामावरून. ती कल्पना त्यांना तेथे सुचली होती. गाडी केव्हा येईल हे गणित सर्वांना पडते. या शाळामास्तरांना गाडीच्या वाटेवर दुसरेच गणित सापडले.

पण उदाहरण कोणासाठी, हा प्रश्न त्याआधीच उभा राहिला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी व बालबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेब आणि शेतीचे ज्ञान यांची मागणी केली. सावकाराच्या आणि कारकुनाच्या लेखणीपुढे शेतकरी कसा नागवला जातो, हे त्यांनी पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये मांडले. फुल्यांच्या दृष्टीने हिशेब हे बुद्धीचे खेळणे नव्हते. फसवले न जाण्याचे ते साधन होते. या दृष्टीने पाहिले की शाब्दिक उदाहरण हा प्रकार एकदम गंभीर होतो. ज्याला व्यवहार वाक्यातून उचलून आकड्यांत मांडता येतो, त्याच्यावर दुसऱ्याने मांडलेला हिशेब लादता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर उदाहरणांतली वाहने बदलली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, आणि हळूहळू आगगाडीशेजारी एसटी आली. १९५६ च्या वजन-मापविषयक कायद्याने दशमान पद्धतीची वाट उघडली. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे चालू झाले. मैल गेले, किलोमीटर आले. गॅलन गेले, लिटर आले. गॅलनला १४ मैल जाणारी गाडी लिटरला जवळपास ५ किलोमीटर जाते, हे रूपांतर एका संपूर्ण पिढीने वाहत्या रस्त्यावर शिकून घेतले. १९६७ साली 'बालभारती'ची स्थापना झाली आणि राज्यभरच्या मुलांसमोर एकच छापील उदाहरण येऊ लागले. पावकी-निमकीची गरज दशांशचिन्हाने संपवली. बाजारात मात्र सव्वा, दीड, अडीच हे शब्द अजून ठणठणीत आहेत.

आता भाषेकडे वळू. मराठी शाब्दिक उदाहरणाची रचना पाहा. 'एक ट्रॅक्टर ताशी १२ किलोमीटर वेगाने जातो' हे विधान आहे. ते निश्चयार्थात, वर्तमानकाळात आहे. त्याच्या आधी 'जर' असलाच पाहिजे असे नाही. मग स्वल्पविरामानंतर 'तर' येतो आणि आधीचे सगळे वास्तव मागे वळून अटीत बदलतो. 'किती वेळ लागेल?' हा भविष्यकाळ त्यानंतरचा. घडलेले वाटणारे काही सांगावे आणि एका अव्ययाने त्याची कल्पना करून टाकावी, ही किमया कथाकाराची आहे. मुलाला उदाहरण 'कळत नाही' म्हणजे बहुतेक वेळा हा 'तर' कळत नाही. काय दिले आहे आणि काय विचारले आहे, यांच्यामधली सीमा त्या एका शब्दावर असते.

एक उदाहरण आम्हीच रचतो. आकडे कल्पित आहेत. सायखेड्याच्या परिसरातून कांद्याने भरलेली ट्रॉली २४ किलोमीटरवरील बाजारात ताशी १२ किलोमीटर वेगाने गेली आणि रिकामी होऊन ताशी २४ किलोमीटर वेगाने परतली. भरलेली असताना लिटरला ४ आणि रिकामी असताना लिटरला ६ किलोमीटर पडले. सरासरी वेग किती आणि लिटरला सरासरी किती पडले? घाईने उत्तर येते १८ आणि ५. पण जायला दोन तास, यायला एक. तीन तासांत ४८ किलोमीटर, म्हणून सरासरी ताशी १६. डिझेल जाताना ६ आणि येताना ४ लिटर. १० लिटरमध्ये ४८, म्हणून सरासरी ४.८. घाईची सरासरी अंतरे समान पाहून दोन दरांची बेरीज निम्मी करते; परंतु संथ चालीत वेळ अधिक गेला आणि जड ओझ्याखाली डिझेल अधिक जळले, हे ती विसरते. चूक गुणाकार-भागाकाराची नाही. 'सरासरी' या शब्दापुढे 'कशामागे?' हा प्रश्न विचारला नाही, ही चूक आहे. पाटणच्या शिलालेखाने तो विचारला होता: प्रत्येक घाण्यामागे. भाड्याचा दर खेपेमागे, किलोमीटरमागे की क्विंटलमागे ठरला, यावर शेतकऱ्याच्या हातात काय उरते ते ठरते. तेथे 'मागे' हे शब्दयोगी अव्यय पैशांत मोजता येते.

म्हणूनच सध्याच्या एका बदलाकडे भाषेच्या शिक्षकांनी अलिप्तपणे पाहू नये, असे आम्हांस वाटते. गेल्या काही दशकांत मराठी शाळांतून 'सेमी इंग्रजी' वर्ग वाढत गेले. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून. पालकांची त्यामागची आकांक्षा खोटी नाही, आणि तिला हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. पुढचे शिक्षण इंग्रजीत आहे, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक झोंबते. परंतु परिणाम असा, की वाक्यावरून विचार करण्याची कसरत मराठीतून निघून जाते आणि मराठीकडे उरतात कविता, निबंध आणि म्हणी. पाटणच्या लेखात प्रशस्ती संस्कृतात आणि हिशेब मराठीत होता. आपण उलट विभागणी करीत आहोत. प्रशस्ती मराठीत, हिशेब परभाषेत.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' अशा संख्यावाचनाची नवी रीत आली, तेव्हा वाद विधिमंडळापर्यंत गेला. 'बालभारती'च्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांची अडचण होते, हे कारण मांडले होते. सूचना पटो वा न पटो, त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य जागचा होता: गणित अवघड आहे की गणिताची मराठी अवघड आहे? आपण त्या वेळी थट्टा अधिक केली आणि चर्चा कमी. मराठी विभागांनी तो प्रश्न आपला म्हणून उचलायला हवा होता. पाठ्यपुस्तकातील उदाहरणांचे वाक्यविश्लेषण, त्यांतील पात्रे, व्यवसाय, एकके यांचा कालक्रमाने अभ्यास, हा पदव्युत्तर प्रबंधिकेचा उत्तम विषय आहे. जुनी अंकगणिते ग्रंथालयांत पडून आहेत.

आणि हा अभ्यास केवळ जुन्या पुस्तकांचा नाही. गोदावरी आणि दारणा या दोन नद्यांचे पाणी सायखेड्याच्या परिसरात एकत्र येते. खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सायखेडा-चांदोरीच्या वस्तीत पाणी शिरले. वरच्या धरणांतून विसर्ग सुरू झाल्याची बातमी येते तेव्हा काठावरच्या प्रत्येक दुकानदाराला दोन आगगाड्यांचेच उदाहरण सोडवावे लागते: एक पाणी गंगापूर धरणाकडून निघाले, दुसरे दारणेकडून, त्यांची अंतरे वेगळी, निघण्याच्या वेळा वेगळ्या, आणि वेग तर पाणी वाढेल तसा बदलणारा. ती एकत्र केव्हा येतील? तोवर माल हलवायला किती वेळ आहे, ट्रॉलीच्या किती खेपा होतील, टाकीत डिझेल किती आहे? सूचना क्युसेकमध्ये येते. तिचे रूपांतर 'आपल्या उंबऱ्याला पाणी किती वाजता' या वाक्यात करणे, हे काम गणिताचे जेवढे आहे तेवढेच मराठीचे आहे.